अनर्थाची चाहूल आणि व्यासवाणी

गेल्या चातुर्मासात आपल्या देवालयाच्या सभामंडपात उद्योगपर्वाचे वाचन झाले. विदुरनीतीचे आठ अध्याय संपून कृष्णशिष्टाईचा भाग लागला तेव्हा श्रोत्यांची संख्याही बरीच वाढली होती. एके रात्री आरती होऊन मंडळी उठू लागली असता एका सभासदांच्या नातीने पुराणिकबुवांना विचारले, "बुवा, युद्ध होणार आणि त्यात सगळे मरणार, हे यातल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक आहे. मग ते थांबले का नाही? आणि थांबणारच नव्हते, तर व्यासांनी एवढे सांगितले ते कशासाठी?" बुवांनी प्रारब्धाचा दाखला देऊन वेळ निभावली. उशीरही झाला होता. मीही तेव्हा गप्प बसलो. परंतु तो प्रश्न काही मनातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस उशिरा दिलेले उत्तर समजावे. ते पुरे उत्तर आहे असा माझा दावा नाही.

संकट कोसळून गेल्यावर त्याचे वर्णन करणारे वाङ्मय सर्व देशांत आहे. दुष्काळ, साथ, लढाई होऊन गेली की मागे उरलेला कवी शोक करतो, आणि तो शोक खरा असतो. परंतु संकट अद्याप आलेले नाही, नुसती त्याची चाहूल लागली आहे, अशा वेळी कवीने काय करावे हा प्रश्न अधिक अवघड होय. शोक करावा तर अजून काही घडलेले नाही; आनंद गावा तर तो खोटा ठरेल; उपदेश करावा तर ऐकणारा कोण? महाभारताचे पाचवे पर्व जवळजवळ सर्वच्या सर्व या मधल्या काळाचे काव्य आहे. पांडवांचा अज्ञातवास संपला आहे, विराटाच्या घरी अभिमन्यू-उत्तरेचे लग्न लागले आहे, आणि कुरुक्षेत्रावर अजून एकही बाण सुटलेला नाही. या थोड्याशा अवधीसाठी व्यासांनी एक मोठे पर्व खर्ची घातले. 'उद्योग' म्हणजे येथे युद्धाची सिद्धता. परंतु वाचून पाहावे तो या पर्वाचा पुष्कळ भाग युद्ध टाळण्याच्याच उद्योगाने भरलेला आढळतो.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेतो. ग्रीक नाटककार इस्किलस याचे 'अगमेम्नॉन' हे नाटक इ. स. पूर्व ४५८ या वर्षी रंगभूमीवर आले. त्यात कॅसँड्रा नावाची ट्रॉयची राजकन्या बंदिवान होऊन आलेली आहे. अपोलो देवाने तिला भविष्य जाणण्याची शक्ती दिली होती. पुढे रागावून, तिच्या बोलण्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही असा शाप दिला. ती राजवाड्याच्या दाराशी उभी राहून आत होऊ घातलेला खून सांगते. नगरातील वृद्ध ऐकतात, गोंधळतात, त्यांना नीट उमगत नाही. आणि थोड्याच वेळाने आतून राजाची किंकाळी ऐकू येते. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. पण त्यात न ऐकण्याचा दोष शेवटी देवाच्या शापावर जातो.

व्यासांच्या ग्रंथात असा शाप नाही. खरे सांगणाऱ्यावर तेथे कोणी अविश्वास दाखवीत नाही. धृतराष्ट्राला विदुराचे म्हणणे पटते, भीष्मद्रोणांना श्रीकृष्णाचे पटते, आणि कर्णाला तर सर्वांहून स्वच्छ दिसते. माझ्या मते या ग्रंथाचे सर्व सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. अज्ञानामुळे नाश झाला असे म्हटले की उपाय सोपा होतो. ज्ञान द्यावे, म्हणजे झाले. व्यास दाखवितात ते असे की ज्ञान सर्वांच्या पदरी होते.

ही चाहूल उद्योगपर्वाच्याही कितीतरी आधी लागलेली आहे. आदिपर्वात पंडूचे उत्तरकार्य आटोपल्यावर व्यास आपल्या मातेकडे, सत्यवतीकडे, जातात. सुखाचे दिवस सरले, पृथ्वीचे तारुण्य ओसरले, यापुढचा प्रत्येक दिवस मागच्याहून वाईट येणार, तेव्हा आपल्या कुळाचा संहार डोळ्यांनी पाहत बसू नकोस, वनात जा, असे ते तिला सांगतात. सत्यवती वाद घालीत नाही. सुनांना बरोबर घेते आणि निघून जाते. कौरव-पांडव तेव्हा लहान मुले आहेत, अंगणात खेळत आहेत. हा प्रसंग इतका थोडक्यात येतो की वाचणाऱ्याच्या हातून तो सहज निसटावा. परंतु येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक, ग्रंथकर्ता हा या कथेबाहेरचा मनुष्य नव्हे. धृतराष्ट्र, पंडू व विदुर हे व्यासांचेच पुत्र. म्हणजे पुढे जे मरावयाचे आहेत ते त्यांचे नातू. दुसरी, आईला निघून जाण्याचा सल्ला देणारे व्यास स्वतः मात्र कायमचे निघून जात नाहीत. ते पुन्हा पुन्हा येतात, आणि बहुधा कोणाला नको असताना येतात.

आता उद्योगपर्वातील त्या रात्रीकडे वळू. धृतराष्ट्राने संजयाला पांडवांकडे उपप्लव्य नगरीत पाठविले होते. संजय परतला तो रात्रीच. तो राजाला दोन कठोर शब्द ऐकवितो आणि म्हणतो, मी रथाच्या वेगाने थकलो आहे. युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सर्वांसमक्ष सांगेन. एवढे बोलून तो झोपावयास जातो. निरोप काय असेल हे धृतराष्ट्र जाणून आहे, म्हणूनच त्याला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. या प्रकरणाचे नावच प्रजागर, म्हणजे जागरण. विदुरनीती म्हणून आपण ज्या श्लोकांचे पाठांतर करतो ती एका अपराधी माणसाच्या जागरणात, अंथरुणाशेजारी बसून सांगितलेली नीती आहे. शाळेच्या पुस्तकांत तिची सुभाषिते वेगळी काढून छापतात तेव्हा हे अंथरूण नाहीसे होते, आणि माझ्या मते त्याबरोबर निम्मा अर्थही जातो.

विदुर काही आडपडदा ठेवीत नाही. झोप कोणाला येत नाही येथून आरंभ करून, परद्रव्य हरण करणारास ती येत नाही हे तो हळूच सुचवितो. शहाणा कोण, मूर्ख कोण, राज्य कशाने टिकते, घर कशाने फुटते, हे सारे तो सांगतो आणि मध्ये मध्ये मुख्य गोष्टीवर येतो: पांडवांचा वाटा देऊन टाक. रात्र सरत जाते. विदुराला आपला अधिकार संपला असे वाटते तेव्हा तो सनत्सुजातांचे स्मरण करतो, आणि मृत्यू म्हणजे काय याचा उपदेश ते धृतराष्ट्राला करतात. एका रात्रीत नीती आणि अध्यात्म दोन्ही त्याच्या कानांवरून जातात. तत्पूर्वी विदुराला धृतराष्ट्राने दिलेले उत्तर मात्र कोणीही विसरू नये. तो म्हणतो, तू सांगतोस तसेच माझे मन होते. पण दुर्योधन भेटला की ते पुन्हा फिरते. तेव्हा दैव बलवत्तर, यत्न व्यर्थ.

आपल्या बुवांनी त्या रात्री दिलेले उत्तर आणि धृतराष्ट्राचे हे उत्तर एकच आहे, हे येथे आदरपूर्वक नमूद करतो. दैवाचे नाव महाभारतात पुष्कळदा येते, परंतु ते कोणाच्या तोंडी येते हे पाहिले पाहिजे. ज्याच्या हाती थांबविण्याची सत्ता होती त्यानेच ते या ठिकाणी घेतले आहे.

पुढे श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईस निघतात. कार्तिक महिना, रेवती नक्षत्र, शरद संपून थंडी पडू लागलेली आणि शेते पिकांनी भरलेली, असा काळ व्यासांनी मुद्दाम सांगितला आहे. अनर्थ येतो तो काळवंडलेल्या आकाशातूनच येतो असे नाही. पीक उत्तम आलेल्या वर्षीही तो येतो. आपल्या कीर्तनकारांचे हे आवडते आख्यान. मराठीत 'शिष्टाई' हा शब्द मध्यस्थीला रूढ झाला आहे, आणि तो कानी पडताच कृष्णाची आठवण होत नाही असा श्रोता विरळा. कीर्तनात दुर्योधनाची पक्वान्ने नाकारून विदुराच्या कण्या खाल्ल्याचा भाग रंगतो, मग सभेतील विश्वरूपदर्शन येते, आणि मंडळी तृप्त होऊन घरी जातात. कण्यांची गोडी मलाही आहे. ती संतांची देणगी आहे. पण कण्या खाऊन झाल्यावर त्या घरात रात्री जे बोलणे झाले ते बहुधा गाळले जाते.

विदुर म्हणतो, तुम्ही आलात हे मला बरे वाटले नाही. ते ऐकणार नाहीत. बहिऱ्यापुढे गाणाऱ्याने गाऊ नये, तसे तुम्ही या सभेत बोलू नये. यावर श्रीकृष्णांचे उत्तर असे की, ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. तरीही शक्तीनुसार धर्मकार्याचा यत्न करून ज्याला यश आले नाही, त्यालाही त्या कार्याचे पुण्य लागते. आणि दुसरे, कृष्णाला शक्य असूनही त्याने कौरव-पांडवांना आवरले नाही असे पुढे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी जाणार. दुसऱ्या दिवशी सभेत काय झाले ते सर्वांस विदित आहे. पाच गावांवर तडजोड करण्याची पांडवांची तयारी होती. सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती देणार नाही, असे दुर्योधनाने सांगितले.

श्रीकृष्णांच्या त्या उत्तराचा पुढचा धागा थेट स्त्रीपर्वात सापडतो. युद्ध संपल्यावर रणांगणात आपल्या मुलांची प्रेते पाहत फिरणारी गांधारी कृष्णाला नेमके तेच म्हणते: तुला शक्य होते, तुझ्याजवळ सैन्य होते, वाणी होती, तू जाणूनबुजून दुर्लक्ष केलेस. आणि ती शाप देते की छत्तिसाव्या वर्षी तुझेही कुळ असेच आपसांत लढून मरेल. श्रीकृष्ण शिष्टाई झाल्याचे तिला ऐकवीत नाहीत. किंचित हसून शाप स्वीकारतात. मौसलपर्वात तो फळास येतो; द्वारकेत दारू गाळण्यास बंदी होते, तीर्थयात्रेची दवंडी पिटली जाते, तरी प्रभासक्षेत्री व्हावयाचे ते होतेच, आणि मराठी भाषेला 'यादवी' हा शब्द मिळतो. प्रामाणिक यत्न केला म्हणजे दोषारोपातून सुटका होते, असे आश्वासन व्यास देत नाहीत.

हस्तिनापूर सोडताना श्रीकृष्ण कर्णाला आपल्या रथावर घेतात आणि त्याच्या जन्माची हकीकत सांगतात. सर्व महाभारतात मला याहून थोर संवाद ठाऊक नाही. तू ज्येष्ठ पांडव आहेस, राज्य तुझे आहे, असे कृष्ण सांगतात. आणि कर्ण नाही म्हणतो. ज्या सूताच्या घरी वाढलो, ज्या दुर्योधनाचे अन्न खाल्ले, त्यांना सोडणार नाही. येथपर्यंतची कथा मुलांनाही माहीत असते. त्यापुढे कर्ण जे बोलतो ते खास कवीचे बोलणे आहे. येणाऱ्या युद्धाला तो यज्ञाची उपमा देतो आणि ती पूर्ण तपशिलाने लावून दाखवितो: कृष्ण अध्वर्यू, अर्जुन होता, गांडीव ही स्रुचा, वीरांचे शौर्य हे तूप, आणि कोणाच्या मृत्यूने कोणता विधी पूर्ण होईल तेही. मग तो आपले स्वप्न सांगतो. हजार खांबांच्या प्रासादावर युधिष्ठिर भावांसह चढत आहे, त्यांची वस्त्रे आणि पागोटी शुभ्र आहेत; हाडांच्या ढिगावर बसून युधिष्ठिर सोन्याच्या पात्रातून तूप घातलेली खीर खात आहे. कौरवांकडील तिघांचीच पागोटी पांढरी दिसतात, अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा, इतरांची तांबडी. युद्धानंतर कौरवांकडचे तेवढे तिघेच वाचले, हे वाचकांस स्मरत असेलच.

इतके दिसत असून कर्ण परत जातो. जाताना कृष्णाला गाढ आलिंगन देतो आणि रथातून उतरतो. धृतराष्ट्राचे न थांबणे आणि कर्णाचे न थांबणे यांत मात्र फरक करावयास हवा. धृतराष्ट्राला सत्य कळते आणि तो त्यापासून तोंड फिरवितो. कर्ण तोंड फिरवीत नाही. आपला पक्ष हरणार, आपण मरणार, आणि आपण पांडवांना जे कठोर बोललो त्याचा आता पश्चात्ताप होतो, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवितो. तो चुकला की बरोबर होता यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहेत आणि चालोत. व्यास निकाल देत नाहीत. बलरामाचा मार्ग आणखी निराळा. कौरवांचा नाश मला पाहवणार नाही असे म्हणून तो सरस्वतीच्या तीर्थांना निघून गेला आणि बेचाळीस दिवसांनी परतला, तो भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध पाहण्याच्या वेळेसच. तीर्थयात्रा करून अनर्थ चुकविता आला नाही. देवालयाच्या पत्रिकेत हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते खरे.

आतापर्यंत शब्दांविषयी बोललो. चित्रकलेविषयीही आपल्या परंपरेत एक अपूर्व प्रसंग आहे, तो मूळ महाभारतात नसून 'दूतवाक्य' या संस्कृत एकांकिकेत आहे. कालिदासाने ज्याचे नाव आदराने घेतले त्या भासाची म्हणून मानली जाणारी तेरा नाटके महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे छापून प्रसिद्ध केली. ती सर्व भासाचीच आहेत काय यावर विद्वानांत मतभेद आहे. आपल्याला त्याचे येथे प्रयोजन नाही. 'दूतवाक्या'त कृष्ण शिष्टाईला आल्याची वर्दी येते. दुर्योधन हुकूम सोडतो की जो कृष्णासाठी उठून उभा राहील त्याला बारा सुवर्णभार दंड. पण आपण स्वतः कसे बसून राहावे याची त्याला चिंता पडते. मग तो एक चित्रपट मागवितो आणि कृष्ण येईपर्यंत तो न्याहाळीत बसतो. चित्राचा विषय कोणता? द्रौपदीचे केशग्रहण. दुःशासनाने केस धरले आहेत, भीम खवळला आहे, अर्जुनाचा हात गांडीवाकडे गेला आहे, युधिष्ठिर नजरेनेच त्यांना आवरतो आहे, भीष्म आणि द्रोण यांनी लाजेने वस्त्राच्या पदराआड तोंडे लपविली आहेत. आणि दुर्योधन रंगांची वाहवा करतो, भाव किती हुबेहूब उतरले आहेत असे म्हणतो.

चित्र खोटे नाही. चित्रकाराने भीष्मद्रोणांची लाजदेखील सोडलेली नाही. ज्या अपराधातून सर्वनाश येणार तोच अपराध त्या पटावर आहे, त्या अपराधाचा जाब विचारणारा दूत दारात उभा आहे, आणि पाहणारा रसिकतेने पाहत आहे. येणाऱ्याकडे बघावे लागू नये म्हणूनच त्याने ते चित्र समोर धरले आहे. कला अनर्थापुढे डोळे उघडते हे आपण नेहमी ऐकतो. ती डोळ्यांवर धरावयाच्या पडद्याचेही काम करू शकते हे या नाटककाराने ओळखले होते. कृष्ण आत येतात तेव्हा सारी सभा भांबावून उभी राहते, दुर्योधन आसनावरून घसरतो, आणि कृष्ण ते चित्र आधी दूर करावयास सांगतात. कीर्तनातले विश्वरूप ऐकून तृप्त होऊन घरी जाणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रसंग थोडा लागावा असे मला वाटते.

भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास पुन्हा येतात. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत. देवळांतील मूर्ती कापताना दिसतात, अरुंधती वसिष्ठाच्या पुढे गेली आहे, अशी दुश्चिन्हांची मालिका ते आपल्या आंधळ्या पुत्राला ऐकवितात आणि अजूनही मुलांना आवर असे सांगतात. धृतराष्ट्र उत्तर देतो की, तुम्ही जाणता ते मीही जाणतो. पण स्वार्थापुढे माणसाची बुद्धी चळते, आणि मीही माणसांपैकीच एक आहे. मुले माझ्या स्वाधीन नाहीत. युद्ध पाहण्यासाठी व्यास त्याला दृष्टी देऊ करतात. ती तो नाकारतो. आप्तांचा वध पाहणे नको, पण सर्व काही सविस्तर ऐकावयाचे आहे. म्हणून ती दृष्टी संजयाला मिळते.

यापुढील रचना पाहण्यासारखी आहे. संजय रणांगणावरून धावत येतो आणि भीष्म पडले ही बातमी प्रथम सांगतो. भगवद्गीता त्यानंतर सांगितली जाते. म्हणजे अर्जुनाचा विषाद आणि श्रीकृष्णांचा उपदेश आपण ऐकतो तेव्हा दहाव्या दिवसाचा शेवट आपल्याला आधीच कळून चुकलेला असतो. द्रोण, कर्ण, शल्य यांच्याही पर्वांत हाच क्रम आहे: आधी मृत्यूची वार्ता, मग कथा. पुढे काय होणार या उत्सुकतेवर व्यासांची भिस्त नाही. काय झाले ते ठाऊक आहे. आता प्रत्येक दार कसे बंद होत गेले आणि त्याच्या बाजूला कोण उभे होते, ते सावकाश पाहा, असे जणू ते म्हणतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या रचनेत सापडले.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. उद्योगपर्वाचा खंड सुशीलकुमार डे यांनी सिद्ध केला, आणि तो १९४० साली प्रसिद्ध झाला. युरोपात महायुद्ध पेटलेले असता इकडे शिष्टाईच्या अध्यायांतील पाठभेद पोथ्यांवरून ताडून पाहिले गेले होते. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. महाभारताच्या अर्थावर मुंबईत चालू असलेल्या व्याख्यानमालेतील शेवटचे व्याख्यान द्यावयाचे राहूनच गेले.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले आणि १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. त्या छायेत धर्मवीर भारती यांनी 'अंधा युग' हे हिंदी पद्यनाट्य लिहिले. ते १९५४ साली प्रकाशित झाले. सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये मुंबईस आणि इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ मध्ये दिल्लीस फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत त्याचा प्रयोग केला. नाटक अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी सुरू होते. ओस पडलेल्या राजवाड्यात दोन पहारेकरी येरझारा घालीत आहेत, आणि राखण करावे असे तेथे काहीच उरलेले नाही. भारतींनी मुख्य भर दिला तो अश्वत्थाम्यावर. अस्त्र सोडणाऱ्या अश्वत्थाम्याला व्यास बजावतात की याचा परिणाम पुढच्या पिढ्यांना, अजून न जन्मलेल्या मुलांना भोगावा लागेल.

याचा आधार मूळ सौप्तिकपर्वात आहे. जेथे ब्रह्मशिर अस्त्रावर तशाच दुसऱ्या अस्त्राचा मारा होतो त्या प्रदेशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे तेथे म्हटले आहे. यावरून प्राचीन काळी आपल्याकडे अणुबाँब होता असे सिद्ध करू पाहणारे लोक भेटतात. मला हा अभिमान फुकाचा वाटतो. तो खरा असता तरी त्यात भूषण कोणते? सौप्तिकपर्वात पाहण्यासारखे आहे ते निराळेच. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, त्यावर अर्जुनाने सोडले, आणि दोन्ही अग्नी एकमेकांकडे झेपावू लागले तेव्हा त्यांच्या मध्ये दोन माणसे येऊन उभी राहिली: नारद आणि व्यास. नातवंडांची कथा सांगणारा वृद्ध कवी स्वतः दोन अस्त्रांच्या मध्ये उभा आहे. यश अर्धेच आले. अर्जुनाने अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता येईना, म्हणून त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर टाकले. उत्तरेचे मूल मृत जन्मले, आणि श्रीकृष्णांनी त्याला जीवदान दिले. तो परीक्षित.

परीक्षिताचा पुत्र जनमेजय. तक्षक नागाच्या दंशाने बाप गेला म्हणून जनमेजयाने सर्व नागकुळाचा संहार करण्यासाठी सर्पसत्र मांडले. महाभारताची कथा लोकांसमोर प्रथम सांगितली गेली ती या सत्रात. व्यास तेथे आले होते. त्यांच्या आज्ञेवरून त्यांचे शिष्य वैशंपायन, यज्ञकर्मांच्या मधल्या अवकाशात, ती सांगत होते. समोर अग्निकुंड आहे, मंत्र म्हटला की नाग येऊन त्यात पडत आहेत, आणि मंत्र थांबला की कौरव-पांडवांनी एकमेकांना कसे संपविले ही कथा पुढे चालू होते. तीही ऐकतो कोण, तर त्यांच्यापैकी जो एक अंकुर वाचला त्याचा मुलगा. एका संहाराची गोष्ट दुसरा संहार चालू असताना सांगितली गेली. पुराण ऐकावयास बसताना आपण हे सहसा मनात आणीत नाही.

कथा ऐकून राजाचे मन पालटले आणि त्याने सत्र थांबविले, असे लिहिण्याचा मोह होतो. ग्रंथात तसे नाही. सत्र थांबविले ते आस्तीकाने. तो वयाने लहान, बाप जरत्कारू ऋषी आणि आई नागकन्या. म्हणजे मारणारे आणि मरणारे अशा दोन्ही बाजूंचे रक्त त्याच्या अंगात. त्याने यज्ञाची आणि राजाची स्तुती अशी काही केली की मूल असून वृद्धासारखे बोलतो, असे जनमेजय म्हणाला आणि वर देण्यास सिद्ध झाला. इंद्राच्या आश्रयातून सुटलेला तक्षक आकाशातून कुंडाकडे येऊ लागला होता. आस्तीकाने त्याला तीनदा थांबण्यास सांगितले. तो अधांतरी थांबला, आणि आस्तीकाने मागितलेला वर राजाला द्यावा लागला.

त्या मुलीने आपला प्रश्न पुढील वाचनाच्या वेळी पुन्हा विचारावा अशी माझी विनंती आहे. उद्योगपर्वानंतर क्रमाने भीष्मपर्व घ्यावयाचे ठरले आहे. परंतु पुराणिकबुवांची अनुमती असल्यास त्याआधी दोन रात्री आदिपर्वातील आस्तीकाख्यानाला द्याव्यात असे मी कार्यकारी मंडळास सुचविले आहे. ज्यांच्या घरी चिपळूणकर मंडळींचे मराठी भाषांतर आहे त्यांनी पहिला खंड बरोबर आणल्यास सर्वांचीच सोय होईल.